प्राचीन कोरिया : उसनी अक्षरे, स्वतःचे वाक्य

आमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर गोल, चौकोन आणि आडव्या-उभ्या रेघांचे काहीतरी लिहिले होते. विचारले तेव्हा लाजत म्हणाली, "सर, हे माझं नाव आहे, कोरियनमध्ये." मोबाईलवर कोरियन मालिका पाहून मुले हल्ली हे शिकतात. शेजारच्या मुलाने लगेच टोमणा मारला, "ते चिनीच असतं सगळं. त्यांचं स्वतःचं काय आहे?"

मुलीला उत्तर देता आले नाही. आम्हालाही त्या तासाला नीट देता आले नाही. आमचा विषय इतिहास असला तरी बी.एड.पर्यंतच्या शिक्षणात कोरिया आमच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. पण तो प्रश्न मनात राहिला, कारण तो आम्हाला ओळखीचा होता. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. "यातले तुमचे स्वतःचे कोणते?" असे आम्हाला दोन्ही बाजूंनी विचारले जाते. म्हणून त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर शोधत आम्ही कोरियाच्या जुन्या इतिहासात शिरलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

अस्वलीण, राजा आणि चिनी सुभा

कोरियन लोक आपला इतिहास दानगुन नावाच्या राजापासून मोजतात. स्वर्गाधिपतीचा मुलगा पृथ्वीवर उतरला. माणूस होण्यासाठी लसूण आणि नागदवणा खाऊन गुहेत राहिलेल्या अस्वलिणीशी त्याने विवाह केला आणि त्यांच्या पोटी दानगुन जन्मला, अशी ही कथा आहे. परंपरेने त्याच्या राज्याचा आरंभ इ.स.पू. 2333 मध्ये धरतात. अर्थात ही दंतकथा आहे. इरयॉन या बौद्ध भिक्षूने तेराव्या शतकात, मंगोलांनी देश तुडवला त्या काळात, ती 'सामगुक युसा' या ग्रंथात नोंदवून ठेवली. देश पायदळी जात असताना माणसे आपल्या उगमाची गोष्ट जपून ठेवतात, याचे हे एक उदाहरण आहे.

खात्रीचा इतिहास सुरू होतो तो चीनशी झालेल्या संघर्षातून. इ.स.पू. 108 मध्ये हान घराण्याचा सम्राट वू याने जुने जोसॉन राज्य जिंकले आणि तेथे चार चिनी सुभे स्थापन केले. बाकीचे सुभे लवकरच मोडले वा मागे हटले. आजच्या प्याँगयांगजवळचा नांगनांग (चिनी उच्चार लेलांग) हा सुभा मात्र इ.स. 313 पर्यंत, म्हणजे सव्वाचारशे वर्षे टिकला. चिनी अंमलदार, व्यापारी, लाखेची भांडी, रेशीम, आरसे आणि अक्षरे या वाटेने कोरियात आली. प्याँगयांगच्या एका थडग्यात इ.स.पू. 45 ची या सुभ्याची घरगणती लाकडी पट्ट्यांवर लिहिलेली सापडली. त्याच थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर कन्फ्यूशियसच्या वचनांचा ग्रंथही होता. राज्यकर्त्यांचा हिशेब आणि राज्यकर्त्यांची नीती एकाच माणसाबरोबर पुरलेली होती. बाहेरची सत्ता येते ती एका हातात कराचे दप्तर आणि दुसऱ्या हातात पाठ्यपुस्तक घेऊन येते, हे आपल्यालाही इंग्रजांच्या काळापासून ठाऊक आहे.

सुभ्याच्या बाहेरचे लोक कसे जगत होते हे तिसऱ्या शतकातील चिनी इतिहासकार छन शौ याने नोंदवून ठेवले आहे. दक्षिणेकडचे लोक पेरणी झाल्यावर पाचव्या महिन्यात आणि कापणीनंतर दहाव्या महिन्यात देवाची पूजा करीत आणि रात्रंदिवस गात, नाचत, पीत. त्यांच्याकडे 'सोदो' नावाची पवित्र जागा असे. तेथे मोठा खांब रोवून त्याला घंटा आणि ढोल टांगत. त्या जागेत पळून गेलेल्या माणसाला परत ओढून आणत नसत. दक्षिण टोकाला लोखंड निघे आणि बाजारात ते पैशासारखे चाले. उत्तरेकडच्या गोगुर्योमध्ये लग्न झाल्यावर नवरा मुलीच्या घरी राहायला जाई. त्याच्यासाठी घरामागे लहानसे घर बांधत आणि मुले मोठी झाल्यावरच तो बायकोला आपल्या घरी नेई. कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीत घराणे बापाचे असते, सून सासरी येते. तरीही लग्नानंतर मुलीच्या घरी राहण्याची ही चाल पुढे हजाराहून अधिक वर्षे कोरियात कोणत्या ना कोणत्या रूपात टिकून राहिली. पुस्तके आली म्हणून घरातली रीत लगेच बदलत नाही.

तीन राज्ये, तीन तऱ्हा

पुढे तीन मोठी राज्ये उभी राहिली. उत्तरेला गोगुर्यो, नैर्ऋत्येला बेकजे आणि आग्नेयेला शिल्ला. मध्ये गाया नावाची लहान संस्थाने होती. चीनकडून काय घ्यायचे आणि कसे घ्यायचे, हे प्रत्येकाने आपापल्या गरजेनुसार ठरवले.

गोगुर्यो चीनचा सख्खा शेजारी आणि सख्खा वैरी. नांगनांगचा सुभा त्यांनीच 313 मध्ये मोडला. पण चीनशी लढणाऱ्या याच राज्याने 372 मध्ये चीनमधून आलेल्या सुन्दो या भिक्षूकडून बौद्ध धर्म स्वीकारला, त्याच वर्षी चिनी ग्रंथ शिकवणारी 'थेहाक' ही विद्यापीठासारखी संस्था काढली आणि पुढच्या वर्षी लिखित कायदा जारी केला. लढाई आणि शिकणे एकाच वेळी चालले होते.

414 मध्ये ग्वांगगेथो राजाच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा आजच्या चीनमधील जिआन शहरात उभी आहे. उंची सहा मीटरहून जास्त, अक्षरे सुमारे 1775, सगळी चिनी. मजकूर मात्र असा की, आमचा मूळपुरुष स्वर्गाधिपतीचा मुलगा आणि आमच्या राजाचे स्वतःचे राजशक आहे. चिनी व्यवस्थेत शक चालवण्याचा अधिकार एकट्या सम्राटाचा. म्हणजे गोगुर्योने चीनची लिपी घेतली आणि तिच्यात चीनच्या दाव्याला नकार लिहून ठेवला. 612 मध्ये सुई घराण्याचा सम्राट प्रचंड फौज घेऊन चालून आला तेव्हा उल्जी मुनदॉक या सेनापतीने साल्सू नदीवर तिची धूळधाण केली. या मोहिमांच्या खर्चाने खिळखिळे झालेले सुई घराणे 618 मध्ये संपले.

बेकजेला बौद्ध धर्म 384 मध्ये मिळाला तो समुद्रमार्गे, मारानांता नावाच्या भिक्षूकडून. तो भारतीय होता अशी परंपरा आहे. बेकजेने जे घेतले ते पुढे जपानला दिले. ग्रंथ, भिक्षू, मूर्तिकार आणि वास्तुशिल्पी बेकजेमार्गेच जपानला पोहोचले. चीनची तहजीब पूर्वेकडे गेली असे आपण सहज म्हणतो, पण वाटेत तिला वाहून नेणारे, पारखणारे आणि आपली भर घालणारे हात कोरियन होते.

शिल्ला सर्वांत दूर आणि सर्वांत उशिरा. या राज्याच्या राजांना आधी 'राजा' म्हणत नसत. एका जुन्या पदवीचा संबंध दातांशी लावतात. ज्याचे दात जास्त तो वयाने मोठा आणि शहाणा, म्हणून दोन दावेदारांनी तांदळाच्या वडीला चावा घेऊन दातांचे ठसे मोजले, अशी गोष्ट आहे. 503 मध्ये शिल्लाने 'वांग' ही चिनी पदवी घेतली आणि 520 मध्ये लिखित कायदा केला. बौद्ध धर्माला सरदारांचा विरोध होता. 527 मध्ये इचादोन नावाच्या दरबाऱ्याने त्यासाठी प्राण दिले, तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला. आणि ज्या चीनमध्ये स्त्रीने राज्य करणे निषिद्ध मानत, त्याच्या शेजारी शिल्लाच्या गादीवर 632 मध्ये सॉनदॉक राणी बसली. तिच्या काळातील मानली जाणारी दगडी वेधशाळा ग्यॉंगजू शहरात आजही उभी आहे.

एका दगडावरची शपथ

आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली एका लहानशा दगडात आहे. 1934 मध्ये ग्यॉंगजूजवळ हा शिलालेख सापडला. उंची जेमतेम एक फूट, अक्षरे 74. शिल्लाच्या दोन तरुणांनी त्यावर शपथ कोरली आहे की आम्ही देशाशी इमान राखू आणि तीन वर्षांत अमुक अमुक चिनी ग्रंथ शिकून घेऊ. काळ 552 किंवा 612. साठ वर्षांच्या चक्रातले नाव तेवढे लिहिलेले असल्यामुळे दोन्ही वर्षे संभवतात.

गंमत वाक्यरचनेत आहे. चिनी भाषेत क्रियापद कर्माच्या आधी येते. "मी खातो भात" असा तो क्रम आहे. कोरियन भाषेत क्रियापद शेवटी येते, मराठीसारखे आणि उर्दूसारखे. या तरुणांनी अक्षरे चिनी वापरली, पण क्रम ठेवला आपल्या बोलीचा. "आकाश, समोर, शपथ" या क्रमाने त्यांनी अक्षरे मांडली. मराठीत "आकाशासमोर शपथ घेतो" म्हणताना आपला क्रमही हाच असतो. चिनी पंडिताने हे वाक्य चुकीचे ठरवले असते. गुण कापणारा शिक्षक आमच्यातही आहे, म्हणून आम्हाला ते लगेच जाणवले. पण ती चूक नव्हतीच. चिनी ग्रंथ शिकण्याची शपथ घेणारी मुलेसुद्धा विचार आपल्याच भाषेत करीत होती.

पुढे याच वाटेने 'इदू' ही लेखनपद्धती आली. मराठीत जसे ने, ला, चा हे प्रत्यय, तसे कोरियनमध्ये शब्दांना लागतात आणि चिनीत ते नसतात. मग काही चिनी अक्षरे केवळ या प्रत्ययांसाठी राखून ठेवली गेली. सातव्या शतकाच्या अखेरीस सॉल छोंग या विद्वानाने ही पद्धत नीट बसवली असे मानतात.

या सॉल छोंगचे वडील म्हणजे प्रसिद्ध भिक्षू वोनह्यो. ते आणि त्यांचे मित्र उइसांग विद्येसाठी चीनला निघाले होते. वाटेत अंधारात तहान लागली म्हणून वोनह्यो यांनी हाताला लागलेल्या भांड्यातले पाणी प्यायले आणि ते गोड लागले. सकाळी पाहतात तो ते भांडे म्हणजे माणसाची कवटी. जे काही आहे ते मनातच आहे, असे म्हणून ते माघारी फिरले, अशी आख्यायिका आहे. उइसांग पुढे गेले, शिकले आणि परत येऊन त्यांनी मठ उभारले. वोनह्यो चीनला कधीच गेले नाहीत, पण त्यांची भाष्ये चीनमधील आचार्यांनी वाचली आणि आधाराला घेतली. आम्हाला यात दोघेही खरे वाटतात. जाऊन शिकणाराही आणि राहून शिकणाराही.

हाडाची जात

एवढे वाचून कोणी म्हणेल, किती शहाणा समाज! पण इतिहास शिकवताना अर्धेच सांगणे हा गुन्हा आहे.

660 मध्ये बेकजे आणि 668 मध्ये गोगुर्यो चीनच्या थांग घराण्याशी केलेल्या युतीच्या जोरावर शिल्लाने पाडले. मित्र म्हणून आलेले थांग सैन्य जाईना, तेव्हा त्याच्याशी लढून 676 पर्यंत त्याला हाकलून लावले. उत्तरेला गोगुर्योच्या वारसांनी 698 मध्ये बाल्हे हे नवे राज्य उभे केले. दक्षिणेत शिल्लाचे वैभव वाढले. 682 मध्ये 'गुखाक' ही राजविद्यालयाची संस्था निघाली. आणि या वैभवाच्या पोटात 'गोलफुम' नावाची व्यवस्था होती. गोल म्हणजे हाड. माणसाची पायरी त्याच्या हाडावरून, म्हणजे जन्मावरून ठरे. सर्वांत वर राजघराण्याची हाडे, त्याखाली सहावी, पाचवी, चौथी श्रेणी आणि तळाला सामान्य रयत. दरबारी हुद्दे सतरा होते. वरचे पाच हुद्दे उच्च हाडाच्या सरदारांनाच मिळत. सहाव्या श्रेणीचा माणूस कितीही विद्वान असला तरी वरून सहाव्या हुद्द्यावर थांबे. 834 च्या फर्मानात घराची खोली किती लांब असावी हेसुद्धा ठरलेले होते. सरदारांची 24 फूट, सहाव्या श्रेणीची 21, पाचवीची 18, त्याखालच्यांची 15. कपडा, खोगीर, भांडी, सगळ्यांना असेच नियम.

छोए छि-वॉन हा या सहाव्या श्रेणीतला मुलगा. 868 मध्ये बाराव्या वर्षी बापाने त्याला चीनला पाठवले आणि बजावले की दहा वर्षांत परीक्षा पास झाला नाहीस तर माझा मुलगा म्हणवून घेऊ नकोस. तो सहा वर्षांत पास झाला. चीनमध्ये नोकरी केली, लेखणीने नाव कमावले आणि 885 मध्ये मायदेशी परतला. 894 मध्ये त्याने राणीपुढे सुधारणांचा आराखडा ठेवला. राणीने त्याला मान दिला तो सहाव्या हुद्द्याचा, कारण त्याच्या हाडाला तेवढेच मिळू शकत होते. आराखडा तसाच राहिला. अखेर दरबार सोडून तो डोंगरातल्या मठाकडे निघून गेला.

चीनच्या ग्रंथांत गुणवत्तेवर नोकरी देण्याचा विचार होता. शिल्लाने ग्रंथ घेतले, पोशाख घेतला, 757 मध्ये गावांची नावेसुद्धा चिनी वळणाची केली. पण जो विचार सरदारांच्या गादीला धक्का लावणारा होता तो बाहेरच ठेवला. 788 मध्ये ग्रंथवाचनाची परीक्षा सुरू झाली, पण ती हाडाची उतरंड मोडू शकली नाही. खरी सरकारी परीक्षा आली ती 958 मध्ये, शिल्लानंतरच्या गोर्यो राज्यात. म्हणजे 'बाहेरचे घेतले की नाही' एवढे विचारून भागत नाही. कोणी घेतले, कशासाठी घेतले आणि त्याचा फायदा कोणाच्या घरी गेला, हेही विचारावे लागते.

तळच्या रयतेचे काय? जपानमधील नारा येथील शोसोइन भांडारात 1933 मध्ये शिल्लाच्या चार खेड्यांची नोंदवही सापडली. चार गावे मिळून माणसे साडेचारशेच्या आसपास. दर तीन वर्षांनी मोजणी होई. माणसे वयानुसार, घरे नऊ प्रतींची, बैल, घोडे, तुतीची झाडे, अक्रोडाची झाडे, कोण मेले, कोण गाव सोडून गेले, किती गुलाम. आपल्या तलाठ्यालाही लाजवील अशी ही नोंद. पण त्या साडेचारशे माणसांपैकी ही अक्षरे वाचू शकणारी माणसे किती असतील? त्यांच्यावरच लिहिलेला कागद त्यांना वाचता येत नव्हता.

अरबांचे 'अल-शिला'

आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. नवव्या शतकात अब्बासी खिलाफतीत डाक खात्याचे अधिकारी असलेल्या इब्न खुर्दाजबेह यांनी 'किताबुल मसालिक वल ममालिक' या ग्रंथात चीनच्या पलीकडील 'अल-शिला' या देशाची नोंद केली आहे. तेथे सोने मुबलक आहे आणि तेथे पोहोचलेले मुसलमान त्या भूमीच्या चांगुलपणामुळे तेथेच स्थायिक होतात, असे ते लिहितात. पुढे 1024 मध्ये अरब व्यापारी मोठ्या संख्येने गोर्यो दरबारात आल्याची नोंद कोरियन इतिहासातही आहे.

याच काळात गोर्योचा संस्थापक वांग गॉन याने 943 मध्ये वारसांसाठी दहा सूचना लिहून ठेवल्या. त्यातल्या चौथीचा आशय असा : आपण थांगच्या रीती मनापासून घेतल्या, पण आपली भूमी वेगळी, माणसांचा स्वभाव वेगळा, तेव्हा सगळेच त्यांच्यासारखे करण्याची गरज नाही. दहाव्या शतकातल्या एका राजाने इतक्या साधेपणाने हे सांगितले आहे.

त्या सामान्य रयतेला अक्षर मिळाले ते फार पुढे. 1443 मध्ये सेजोंग राजाने नवी लिपी तयार केली आणि 1446 मध्ये ती जाहीर केली. आमच्या विद्यार्थिनीने वहीत लिहिली ती हीच. पंडित छोए माल्ली यांनी 1444 मध्ये विरोध नोंदवला की स्वतःची लिपी असणे हे मंगोल आणि जपानी अशा रानटी लोकांचे लक्षण आहे, आपण चीनच्या बरोबरीचे असताना हे कशाला? परक्याची विद्या ज्यांच्या हातात बढतीची शिडी झाली होती, त्यांना आपल्याच भाषेची भीती वाटू लागली होती.

आणि याच सेजोंगविषयी दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. त्याच्या खगोलतज्ज्ञांनी जे पंचांगगणित बनवले त्याचा एक भाग चीनमार्गे आलेल्या मुस्लिम पंचांगावर आधारलेला होता. पण 1427 मध्ये, आपल्या वेगळ्या पोशाखात आणि रीतीत राहणाऱ्या मुसलमानांनी ते सोडून इतरांसारखे व्हावे, दरबारातला त्यांचा विधीही बंद करावा, हा प्रस्ताव याच राजाने मान्य केला. त्यांचे गणित ठेवले, त्यांचा पेहराव ठेवला नाही. चीनच्या सावलीत आपले वेगळेपण जपणाऱ्या देशाला आपल्या घरातल्या मूठभर माणसांचे वेगळेपण मात्र जड झाले. थोर राजाला थोर म्हणतानाही हे विसरता येत नाही.

वर्गात परत

गोगुर्यो कोणाचे, यावर भांडण एकविसाव्या शतकातही पेटले. 2002 मध्ये चीनमध्ये सुरू झालेल्या एका संशोधन प्रकल्पाने गोगुर्यो हे चीनचेच प्रादेशिक राज्य ठरवले. कोरियात त्यावर मोठा संताप उसळला. 2004 मध्ये युनेस्कोने गोगुर्योची स्मारके जागतिक वारशाच्या यादीत घेतली ती उत्तर कोरिया आणि चीन अशा दोन्ही देशांच्या नावावर. दगड जिथल्या तिथे आहेत. वाद त्यांच्या वारसदारांचा आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गात फळ्यावर दोन रकाने आखले. कोरियन भाषेत आकडे दोन तऱ्हेने मोजतात. हाना, दूल, सेत हे देशी आणि इल, इ, साम हे चिनी वळणाचे. घड्याळाचा तास देशी आकड्यात सांगतात आणि मिनिटे चिनी आकड्यात. एकाच वाक्यात दोन्ही येतात आणि बोलणाऱ्याला काहीच वेगळे वाटत नाही. मग मुलांना विचारले, आज सकाळपासून तुम्ही बोललेल्या शब्दांत फारसी किती, मराठी किती, इंग्रजी किती? "हजेरी" कुठली? "दप्तर" कुठले? मराठीच्या तासाला हेच शब्द मराठी म्हणून येतात आणि उर्दूच्या तासाला उर्दू म्हणून, हे मुलांच्या लक्षात आले तेव्हा वर्गात बराच गलका झाला.

टोमणा मारणारा मुलगा शेवटी म्हणाला, "म्हणजे सर, शब्द कुठलेही असू देत, वाक्य आपलं पाहिजे." आम्ही त्याला त्या दगडाची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि छोए छि-वॉनचीही सांगितली. वाक्य आपले असूनही ज्याला बोलू दिले गेले नाही, त्याची. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने त्या मुलीची वही मागून घेतली आणि आपले नाव त्या अक्षरांत कसे लिहायचे ते तिला विचारू लागला.